चालेल म्हणणारी एनिड

इंग्लंडातल्या वुस्टरच्या शाळेसमोर एनिड व्हिटल पिवळा झगा घालून, हातात 'थांबा'ची गोल पाटी घेऊन उभी राहायची तेव्हा विटांचे ट्रक जागच्या जागी थिजायचे. पोरं रस्ता ओलांडून जाईपर्यंत कुणाची हॉर्न वाजवायची छाती नव्हती. पण बाई, तीच एनिड पाटी खाली ठेवून घरी आली की दारात उभ्या राहिलेल्या विक्रेत्यालासुद्धा 'नको' म्हणू शकायची नाही. तिच्या जिन्याखाली धूळ ओढायची तीन यंत्रं पडून आहेत. एक चालतं. शेजारीण सुट्टीवर निघाली की मांजर एनिडच्या गळ्यात, चर्चची जत्रा आली की बरण्या धुवायचं काम एनिडच्या गळ्यात. कुणी काहीही विचारलं तरी बाईंचं उत्तर ठरलेलं. "चालेल की. मला काय, काहीही चालतं."

आणि आता तिचा मुलगा क्लाइव्ह यानं विचारलं होतं, तेसुद्धा पार ऑस्ट्रेलियातून. "आई, कायमची इकडे पर्थला ये. मागची खोली तुला देतो. गुरुवारी दुपारी फोन करतो, तेव्हा हो म्हण, म्हणजे शुक्रवारी तिकीट काढतो." एनिडला जायचं नव्हतं. स्वतःचं घर, घेवड्याचा वेल, नवऱ्याची कबर आणि म्युरिएल सोडून ती कुठे जाणार? पण मुलगा एवढ्या प्रेमानं बोलावतोय, नाही कसं म्हणायचं? आठवडाभर जीव टांगणीला लागला होता. तिला एकच आशा होती. म्युरिएल 'जाऊ नकोस' म्हणाली, तर तिचं नाव पुढे करून सुटता येईल.

ही म्युरिएल डाउन्स म्हणजे हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात जन्म घालवलेली बाई. दंड पैलवानासारखे आणि हसली की बसच्या काचा हलतात. दरवर्षी ऑगस्टात, आलुबुखार बाजारात आले की, दोघी म्हाताऱ्यांच्या फुकट पासावर बसनं एव्हॅशमला जायच्या. नदीकाठी हिंडायचं, चहा प्यायचा, आलुबुखारांची पिशवी घेऊन परत यायचं. यंदा सहलीचा दिवस नेमका तो गुरुवारच निघाला.

वाटेतलं पर्शोर गाव मागे पडल्यावर एनिडनं घसा साफ केला. "क्लाइव्ह मला पर्थला बोलावतोय. कायमची."

म्युरिएल खिडकीबाहेर बघत राहिली. मग वळून मोठ्यानं म्हणाली, "अगं वा! छानच की! ऊन काय असतं म्हणे तिथं!"

"हो ना," एनिड म्हणाली. "ऊन असतं."

"तुझ्या गुडघ्यांना बरं."

"हो. गुडघ्यांना बरंच."

इतक्या वर्षांची मैत्री, आणि हिला काय, तर माझे गुडघे! बसमध्ये पुढे दोघी फक्त मेंढ्यांविषयी बोलल्या.

एव्हॅशमला उतरून दोघी नेहमीच्या चहाच्या दुकानात शिरल्या. म्युरिएलनं नेहमीसारखेच मनुके घातलेले दोन स्कोन, म्हणजे खुसखुशीत छोटे पाव, मागवले. एनिडला मनुके म्हणजे माशा खाल्ल्यासारखे वाटायचे. पण म्युरिएलला आवडतात, मग कशाला बोला? वरची साय आणि जॅम चाटून एक एक मनुका ती गुपचूप कागदी रुमालात सारत राहिली, नदीवरच्या चिमण्यांना म्हणून. पर्स मांडीवर, पर्समध्ये फोन, आणि फोन कुठल्याही क्षणी वाजणार.

"यंदा होडीत बसू या का?" म्युरिएल एकदम म्हणाली. "शेवटचीच सहल ना आपली."

शेवटची! किती सहज म्हणाली! एनिडला पाण्याची भीती वाटते.

"चालेल," एनिड म्हणाली.

घाटावरच्या रेज नावाच्या म्हाताऱ्यानं त्यांना नऊ नंबरची होडी दिली आणि शेजारीशेजारी बसवून प्रत्येकीच्या हातात एक एक वल्हं दिलं. इथंच घोळ झाला. म्युरिएल आपल्या दंडांचा जोर आवरून हळूच वल्हं मारी, न जाणो एनिडला कमी लेखल्यासारखं व्हायचं. एनिड जीव खाऊन मारी, न जाणो म्युरिएलवर भार पडायचा. होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"कुठल्या बाजूला जाऊ या?" म्युरिएलनं विचारलं.

"तुला आवडेल तिकडे."

"छे गं, तू सांग."

"मला काहीही चालेल."

"मलाही."

"अहो बाई!" काठावरून रेज ओरडला. "कुठं जायचंय ते तरी ठरवा! होडी बिचारी विचारतेय!"

तोपर्यंत होडीनंच ठरवलं होतं. ती तिरपी तिरपी जाऊन पलीकडच्या लव्हाळ्यात घुसली आणि तिथंच रुतून बसली. आतून एक राजहंस मान उंचावून फिस्कारत बाहेर आला. म्युरिएलनं त्याला छत्री दाखवली. एनिडनं घाबरून पर्समधला कागदी रुमाल त्याच्याकडे भिरकावला. रुमाल उलगडला आणि मनुके पाण्यावर पसरले. राजहंसानं एक चोचीत धरला, टाकून दिला, आणि निघून गेला.

म्युरिएल त्या मनुक्यांकडे बघतच राहिली. "हे काय गं?"

"मला नाही आवडत मनुके," एनिड म्हणाली. म्हणून टाकलं खरं, मग कानापर्यंत लाल झाली.

"नाही आवडत? अगं, मग दरवर्षी मी कुणासाठी मागवते?"

"स्वतःसाठी!"

"माझ्यासाठी? मला मनुक्याच्या वासानंसुद्धा मळमळतं! न चावता गिळते मी ते! पहिल्या वर्षी तू 'चालतील की' म्हणालीस, मला वाटलं तुझ्या जिवाचे आहेत!"

मग म्युरिएल हसायला लागली, आणि तिच्या त्या हसण्यानं होडी गदगदा हलायला लागली. एनिडलाही आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते काही हसण्याचं राहिलं नाही.

"म्युरिएल, तू मला जाऊ नकोस का नाही म्हणालीस?"

म्युरिएलचं हसणं तुटलं. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी कोण म्हणणारी? तुझा मुलगा आहे तो. मला वाटलं तुला जायचंय. परवा तुझी पर्थची बातमी तुझ्या शेजारणीनं मला सांगितली, तेव्हापासून मी आरशासमोर उभी राहून 'छानच की' म्हणायचा सराव करतेय. रडू न येता म्हणता यावं म्हणून." तिनं नाक पुसलं. "जाऊ नकोस. घे, म्हटलं. आता तुला काय करायचं ते कर. पण तुझ्या पोराला माझं नाव सांगायचं नाही हं. स्वतःचं सांगायचं."

मेली, ओळखून होती की!

तेवढ्यात वळणावरून सहलीची मोटरबोट आली, माणसांनी गच्च भरलेली. ती तशीच आली असती, तर तिच्या लाटेनं नऊ नंबर उलटीच झाली असती. एनिडनं विचार केला नाही. बसल्या जागी ताठ होऊन वल्हं उभं धरलं आणि दुसरा हात आडवा केला, शाळेसमोर करायची तस्सा. "थांबा!"

मोटरबोट थांबली. चालवणाऱ्यानं निमूटपणे इंजिन बंद केलं आणि दोरी फेकली. म्युरिएलनं ती होडीच्या कडीला बांधली. आणि नेमका त्याच क्षणी पर्समधला फोन वाजला.

"आई! मग काय ठरलं? येतेस ना?"

मोटरबोटीतली सगळी माणसं एकजात पलीकडच्या बगळ्याकडे बघायला लागली. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरचं ऐकायचं असलं की असंच बगळ्याकडे बघतात. एकानं तर टोपी काढून कान मोकळा केला. एनिडच्या ओठांवर 'चालेल' येऊन उभं होतं, पाठ केल्यासारखं. वल्हं अजून हातातच होतं. ते तिनं घट्ट धरलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही रे बाळा. मला नाही यायचं. तू प्रेमानं बोलावलंस, ते मला पोचलं. पण माझं घर इथं आहे आणि मला इथंच राहायचंय."



"आई," क्लाइव्ह म्हणाला, "तू नाही म्हणालीस?" आणि तो हसायला लागला, पण आवाज ओला होता. "अगं, मी जन्मात पहिल्यांदा ऐकतोय! दर रविवारी फोनवर तुझं सगळं 'ठीक आहे, चालतंय'. मला वाटायचं, एकटी आहे आणि सांगत नाही. म्हणून म्हटलं, इकडेच आणावी."

"एकटी कुठली? म्युरिएल आहे ना. आत्ता आम्ही लव्हाळ्यात अडकलोय."

"कशात?"

"ते मग सांगते."

"बरं, मग आम्हीच येतो नाताळला. मुलांना घेऊन, महिनाभर. चालेल?"

"चालेल," एनिड म्हणाली, आणि जीभ चावली. "नाही, थांब! चालेल नाही. हवंय. तुम्ही मला हवे आहात रे. या!"

बगळा केव्हाच उडून गेला होता, तरी सगळी माणसं तिकडेच बघत होती, आणि टोपीवाला नाक शिंकरत होता. मोटरबोटीनं नऊ नंबर ओढत ओढत घाटावर आणली. रेजनं हात देऊन दोघींना उतरवलं. म्युरिएलनं वल्ह्याच्या पाण्यानं भिजलेला झगा पिळला आणि एनिडचा हात काखेत घट्ट धरला.

"आता काय, चहा की आइस्क्रीम?"

"तुला काय ह..." एनिड म्हणाली, आणि थांबली. "आइस्क्रीम. चॉकलेटचं. मोठं."

"मला चहा," म्युरिएल म्हणाली.

मग दोघी आधी आइस्क्रीमच्या गाडीवर गेल्या.