रोही तुरीत शिरला

जुन्या चित्रांच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. इंग्रजांच्या काळात छापलेली, हाताने रंग भरलेली जंगली जनावरांची चित्रं मी सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून वर्षानुवर्षं जमवली आहेत. फाटक्या ग्रंथांतून सुटी झालेली पानं ती. कुठला चित्रकार जंगल बघून आला आणि कुठल्याने नुसतं कातडं बघून वाघ काढला, हे मी लांबून सांगते. घरातले याला माझं अजबखाना-वेड म्हणतात. म्हणोत बापडे.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली, तेव्हा मी तिला उमरेडजवळच्या गावाहून माझ्याकडे नागपूरला आणलं. तिला सगळं कळत होतं, पण ओठांवर शब्द येत नव्हता. दवाखान्यातल्या बाईंनी रंगीत कार्डं दिली. सफरचंद, चेंडू, फुगा. रोज दाखवा, नाव विचारा, म्हणाल्या. बाई भल्या होत्या, पण आईला ओळखत नव्हत्या. जन्मभर शेत राखलेल्या बाईला फुगा दाखवल्यावर ती काय बोलणार? सफरचंद तर आमच्याकडे कुणी आजारी पडलं तरच यायचं. आई कार्डाकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. ही आता कायमची अशीच राहते की काय, अशी भीती मला वाटायची.

घाबरले की मला राग येतो. एका दुपारी मी ती कार्डं कपाटात कोंबली आणि माझी चित्रं आईच्या खाटेवर मांडली.

वाघ दाखवला. ढिम्म. अस्वल दाखवलं, तरी ढिम्म. मग रोही पुढे धरला, म्हणजे नीलगाईचा नर. विलायती चित्रकाराने त्याला हिरव्यागार गवतात नवरदेवासारखा ऐटीत उभा केला होता. माझं सगळ्यात लाडकं चित्र.

आईच्या कपाळावर आठ्या चढल्या. तिने चांगला हात उचलला आणि घशातून आवाज आला, "हाऽऽड!"

मी चित्र आणखी जवळ धरलं.

"हाऽऽड! हाकल त्याले! तूर... तूर खाऊन राहिला!"

आमच्या भागात रोह्यांचा कळप शिरला की उभं पीक आडवं होतं. बांधावरून ओरडून ओरडून आईने ते हाकललेले. मला जे देखणं जनावर वाटत होतं, तो तिच्यासाठी तुरीत शिरलेला चोर होता. मग मला कोण थांबवणार! लगेच रानडुक्कर पुढे केलं. त्याला तिने जी शिवी हासडली ती इथे लिहिता येणार नाही, पण उच्चार खणखणीत होता. दवाखान्यातल्या बाईंना हे सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, हेच चालू ठेवा.

मी चालू ठेवलं. जरा जास्तच. एकेक शब्द सुटत गेला तशी माझ्या अंगात मास्तरीण शिरली. साळिंदर झालं, माकड झालं, ससा झाला. हे काय आहे, आई? नीट सांग. पुन्हा सांग. असं नाही, मोठ्याने.

त्या दिवशी चितळ होतं. नाव तिने सांगितलं. मी म्हटलं, शाब्बास, आता रंग सांग. तोही सांगितला. म्हटलं, आता पूर्ण वाक्यात सांग.

आईने चित्र माझ्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं. पदर सारखा केला. मग अडखळत, पण एकही शब्द न गाळता म्हणाली, "मले काहून शिकवून राहिली वं? तुले बोलाले कोनं शिकवलं?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले.