देवगिरीच्या वेढ्यातल्या दोन गोण्या

जगातली प्रत्येक लढाई ही मुळात ओझं वाहणाऱ्यांची गोष्ट असते, असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि ती इंग्रजीच्या तासाला माझ्या शेजारी बसायची. कळमनुरीजवळच्या एका तांड्यावरून ती यायची. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, हे तिने मला पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगितलं. कोणाचीही वस्तू दिसली की उचलून ती वजन सांगायची. एकदा मॅडमची पर्स उचलून म्हणाली, "सव्वा किलो. किल्ल्या लई हायेत, मॅडम." मॅडमनी काढून पाहिल्या. किल्ल्या खरंच लई होत्या.

त्या वर्षी प्रत्येक गटाने एक ऐतिहासिक प्रसंग इंग्रजीतून सादर करायचा होता. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, आणि एक जरी गप्प राहिला तरी सगळ्या गटाचे गुण कापायचे, असा नियम होता. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वर्गात उभी राहिले की मला माझं नावसुद्धा आठवत नसे. पहिल्या गटाने महाराज पेटाऱ्यांतून आग्र्याहून कसे सुटले ते सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हिने हात वर केला. "पेटारे उचलणाऱ्यांना वजन बराबर कळलं असंन. ते गप बसले म्हणून राजे सुटले. त्यांचं नाव काहून न्हाई सांगितलं?"

आमच्या वाट्याला देवगिरीचा वेढा आला. किल्ल्यात धान्य समजून भरलेल्या गोण्यांत मीठ निघालं आणि राजाला शरण जावं लागलं, असं सांगतात. हे वाचून ती दोन दिवस घरातल्या गोण्या उचलून पाहत होती. मग म्हणाली, "मिठाची गोणी पाठीला कळत न्हाई व्हय गं?" आणि सादरीकरणाच्या दिवशी सारख्या आकाराच्या, तोंड शिवलेल्या दोन गोण्या एसटीतून घेऊन आली. एकीत ज्वारी, एकीत मीठ. कंडक्टरने हटकलं तेव्हा, "कॉलेजचा अभ्यास हाय, काका," एवढंच म्हणाली.

माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि सगळं पुसलं गेलं. गटातल्या बाकीच्या दोघींनी डोळे मिटले. तेव्हा हिने मिठाची गोणी उचलून सरळ माझ्या खांद्यावर ठेवली आणि कानात म्हणाली, "बोल आता. लवकर बोलशील तर लवकर उतरवीन."

मी बोलले. चुकत बोलले, पण शेवटपर्यंत बोलले. मॅडम मध्येच "पुरे, उतरव ते" म्हणाल्या, तरी मी थांबले नाही. मग मॅडमनी दोन्ही गोण्या स्वतः उचलून पाहिल्या आणि विचारलं, "एवढा फरक कळतो, तर हमालांनी सांगितलं का नाही?"

ही उभी राहिली. तिचं त्या दिवसाचं इंग्रजी एवढंच झालं : "नोबडी आस्क्ड, मॅडम."

आम्हाला दहापैकी आठ मिळाले. पुढे ती पोलीस भरतीत निवडली गेली आणि ट्रेनिंगला गेली. मधूनमधून तिचा फोन येतो. "इथला फेकायचा गोळा लई हलका हाय गं," एवढी एकच तक्रार असते. शेजारचा बाक रिकामा आहे. यंदा पुन्हा सादरीकरणं सुरू झाली आहेत. मी भरलेली बॅग खांद्यावर घेऊन बोलायला उभी राहते तेव्हा नव्या मॅडम म्हणतात, "बॅग खाली ठेव."

मी म्हणते, "दोन मिनिटं राहू द्या, मॅडम."