निवड चाचणीतली कुस्ती
तळहाताला लोखंडाचा वास लागला की मला ती निवड चाचणी आठवते आणि अजूनही डोकं तापतं. नाशिकच्या आमच्या तालमीत एकाच वजनगटात आम्ही दोघी होतो, मी आणि हरसूलची माझी मैत्रीण. ती नुसता हात ओढून मला वाकवायची, म्हणून सरांनी मला बारबेल रो करायला लावले. कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून जड बार पोटापर्यंत ओढायचा. तीन महिने ओढला, हाताला घट्टे पडले. चाचणीत मी तिचा हात ओढला आणि ती इतकी अलगद आली की मीच चकित झाले. जिंकले, नाचले. मग कपडे बदलताना ती खाली बघत म्हणाली, "सर मला बोलले, तुझं लगीन ठरलंय, तू काय पुढं खेळणार नाय, तिला जाऊ दे." मी तशीच सरांपुढे उभी राहिले. "पुन्हा लावा कुस्ती!" ते हसले. "अगं, तुझ्याच भल्यासाठी केलं ना?" मी तिला ओढतच मॅटवर आणलं आणि ओरडले, "आता खरी खेळ!" ती खरी खेळली. दोन मिनिटांत मी चीत झाले. तरी यादीत नाव माझंच राहिलं. मी स्पर्धेला गेलेच नाही. लोक त्याला मोठेपणा म्हणतात. तो निव्वळ संताप होता. तुला पुढे खेळायचंय का, हे तिला सरांनी विचारलं नाही. आणि एवढी ओरडले, पण मीही विचारलं नाही.