गाऱ्हाण्याला आलेलं ‘व्हय’

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगते, आजवर हसायलाच वाचत आले. पांढरी साडी, घुंगरू, लिफ्ट मागणारी बाई... मी भूत सोडा, राशिभविष्यसुद्धा न मानणारी. दिवा लुकलुकला तर आधी वायर तपासणारी. आजही तशीच आहे. म्हणूनच हे लिहायला लाज वाटतेय, पण पोटात ठेवूनही चैन पडत नाही.

आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो, पंतनगरात. दुसरा मजला, वन रूम किचन. आई, बाबा आणि मी. मूळचे मालवणकडचे. आजोबा गिरणीत होते, बाबा एका गोदामात सुपरवायझर होते आणि तिथूनच रिटायर झाले. मी अंधेरीच्या एका एजन्सीत वेबसाइट डिझाइन करायचे. एजन्सीने गाशा गुंडाळला, तेव्हा मी घरूनच काम सुरू केलं. खिडकीशी टेबल, त्यावर लॅपटॉप आणि सेकंडहँड मॉनिटर — झालं ऑफिस! आई म्हणाली, “घरात बसान वेबसाइट? म्हणजे तू नेमका विकतलंस काय?” बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून माझ्या बाजूला ठाण मांडलं.

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. कोकणातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. घरातलं वडीलधारं माणूस हात जोडून देवाला मोठ्याने सगळं सांगतं — काय काम आहे, कोणाचं आहे, काय सांभाळून घ्यायचं आहे. ते प्रत्येक मागण्यानंतर थांबतं, आणि मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” हे ‘व्हय’ फार महत्त्वाचं. बाबा म्हणायचे, मागे व्हय म्हणणारं कोणी नसेल तर ते गाऱ्हाणं नव्हे, नुसती बडबड.

तर माझी पहिली साइट लाइव्ह व्हायची होती, म्हणजे सगळ्यांना इंटरनेटवर दिसायला लागणार होती. बाबांनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, समोर नारळ ठेवला आणि सुरू झाले, “बा देवा म्हाराजा, आज तुझ्या ह्या लेकरान वेबसाइट का काय ती केल्यान हा, तिका यश दी रे म्हाराजा!” मी आणि आई, “व्हय म्हाराजा!” “आणि तो सर्वर का काय खंय सातासमुद्रापार आसा, तेका पण सांभाळ रे म्हाराजा!” मी हसून हसून मेले. त्यात त्यांनी नारळ टेबलावरच फोडला आणि कीबोर्डची वाट लागली. तेव्हापासून नारळ मोरीत फोडायचा असा नियम झाला.

गंमत म्हणजे क्लायंटना ते आवडायला लागलं. व्हिडिओ कॉलवर लाइव्ह करताना लोकच विचारायचे, “काका कुठेत? ते नारळाचं करा ना!” बाबांची कॉलर ताठ. एरवीही माझे कॉल चालू असताना ते मागून डोकवायचे. सांताक्रूझच्या अनघाताई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात, त्यांना एकदा मध्येच विचारलं, “मॅडम, धुतल्यावर रंग जातो काय हो?” अनघाताईंना हा प्रश्न इतका पटला की साइटवर त्याचं उत्तर वेगळं टाकायला लावलं.

अनघाताईंची साइट अर्ध्यावर असतानाच बाबांचा खोकला वाढला. आधी आम्ही समोरच्या बिल्डिंगच्या कामाची धूळ म्हणत राहिलो. मग हॉस्पिटल. तिथे बाहेरच्या बाकावर बसून आई रोज एकटीच पुटपुटत गाऱ्हाणं घालायची, आणि मी बाजूला बसून व्हय म्हणायचे. न मानणारी मी, तेव्हा अगदी मनापासून म्हणायचे.

बाबा गेले.

आई रडली नाही. दिवसकार्य झालं, नातेवाईक परतले, आणि ती गप्प झाली. देवापुढे दिवा लावणं बंद. जेवायला वाढायची, पण स्वतः दोन घास खाऊन उठायची. एकदाच बोलली, तीही मी देवासमोर उदबत्ती लावायला गेले तेव्हा. “लोकांच्या दुकानांसाठी व्हय व्हय केलांव. आमच्या वेळाक तो खंय होतो?” मी उदबत्ती परत पुड्यात ठेवली.

ती दिवसेंदिवस विरत चालली होती. धड बोलणं नाही, खाणं नाही, रात्रंदिवस भिंतीकडे तोंड. आणि मलाही त्या टेबलाशी बसवत नव्हतं, बाजूची खुर्ची बघितली की लॅपटॉप मिटून उठायचे. पवईच्या एका ऑफिसात नोकरी मिळत होती. घेतली तर सुटले असते, पण आई दिवसभर त्या मुक्या घरात एकटी राहिली असती. मला भीती होती की एखाद्या संध्याकाळी परत येईन तेव्हा तीही नसेल. तरी मी ठरवलं, अनघाताईंचं काम संपवायचं आणि पवईला होय कळवून टाकायचं.

अनघाताईंना मी फक्त ‘घरी अडचण आहे’ एवढंच कळवलं होतं. बाबा गेले हे शब्द मला टाइप करवले नव्हते.

सकाळचा कॉल होता. आई आत स्वयंपाकघरात भांडी घासत होती. समोरच्या बांधकामाचं ड्रिलिंग दिवसभर चालतं, म्हणून कॉलवर मी कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावते. सगळं तपासून झालं आणि अनघाताई म्हणाल्या, “थांब हं, काकांना बोलव. गाऱ्हाण्याशिवाय माझी साइट चालू करायची नाही.”

सांगून टाकायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, “आज मीच घालते.”

नारळ नव्हता, हळदकुंकू नव्हतं. मी हात जोडले आणि बाबांच्या चालीत सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, अनघाताईंनी ह्या गोधड्यांचा काम हाती घेतल्यानी हा, तेंका यश दी रे म्हाराजा...” आणि थांबले. सवयीनेच थांबले. मागून कोण म्हणणार होतं? दुसरं मागणं घातलं, पुन्हा थांबले. तिसरं जेमतेम पुरं केलं, “काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा...” माझ्या कानात नुसती शांतता होती. मी बटण दाबलं, साइट चालू झाली.

अनघाताई डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, “किती छान! पण काकांना बरं नाही का गं? मागून व्हय म्हणताना तिसऱ्यांदा मध्येच खोकला आला त्यांना.”

मी म्हटलं, “ताई, बाबा नाहीत. ते गेले.” मग पुढे काय बोललो ते मला नीट आठवत नाही. कॉल बंद केला, हेडफोन काढले. ड्रिलिंग बंद होतं. नळही बंद होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला साबणाचा फेस तसाच. हेडफोनमुळे अनघाताईंचा एक शब्दही तिच्यापर्यंत गेलेला नव्हता. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “तिसऱ्या वेळाक तेंका खोकलो इलो. आयकलंस मा गो?”

आणि इतक्या दिवसांनी ती रडली. खाली बसून, पदर तोंडाला लावून. रडता रडता म्हणाली, “जन्मभर गाऱ्हाणा घातल्यानी. आता तुझ्या पाठसून व्हय म्हणतत.” संध्याकाळी तिने दिवा लावला. रात्री भात मागून घेतला. मी पवईला नकार कळवला.

मी तर्क लढवून पाहिले. शेजाऱ्यांचा टीव्ही? ते गावी गेले होते. माझाच आवाज उलटून आला असेल? तो अनघाताईंना आला असता, आईला कसा? दोघींना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर दोघींच्या भासात खोकला एकाच जागी कसा येईल? अनघाताईंना नंतर पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, “मी ऐकलं ते ऐकलं. मला आणखी काही विचारू नकोस.”

मला उत्तर सापडलेलं नाही. आणि खरं तर मला भुताचं काही वाटतच नाही. मला एवढंच खुपतं की बाबा बोलले ते सांताक्रूझला ऐकू गेलं, स्वयंपाकघरात ऐकू गेलं, आणि मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसून कान झाकून घेतले होते.

आता प्रत्येक साइटला गाऱ्हाणं मी घालते. त्या वेळी हेडफोन काढून ठेवते. प्रत्येक मागण्यानंतर थांबते, जरुरीपेक्षा थोडी जास्तच. आई मागे उभी असते, तीही लगेच बोलत नाही. आम्ही दोघी वाट बघतो. मग आई हळूच म्हणते, “व्हय म्हाराजा.”

अजून तरी तिचाच आवाज येतो.