पाहुण्यांवरचा कर

माझी जाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्या दारात पुण्याच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हापासून मला तिचं सगळंच खुपायला लागलं. दीर बोटीवर, माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. घर सामाईक, पण समुद्राकडच्या दोन खोल्यांत ही पाहुणे ठेवायची. पाहुणे तिच्या हातचे घावणे खायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि जाताना तिच्या पाया पडायचे. घावणे करायला तिला मी शिकवलं, पण मला कोण विचारतोय!

तिला एकच गोष्ट हवी होती, स्वतःचा विजेचा मीटर. घरपट्टी अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. मीटरसाठी तिच्या नावाचा पंचायतीचा उतारा हवा आणि तो निघायला माझी संमती लागायची.

"वयनी, तुमची एक सही व्हयी," ती म्हणायची.

"एका घराक दोन मीटर कित्याक?"

असं म्हणून दोन वर्षं मी ती सही अडवली. वेगळा मीटर नाही म्हणून एसी नाही, आणि एसी नाही म्हणून मे महिन्यात तिचे पाहुणे शेजारच्या वाडीत जायचे आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

तरी तिचा धंदा वाढतच गेला. मी तेव्हा पंचायतीची सदस्य. घरपट्टीची फेरआकारणी निघाली, तशी मी मासिक सभेत उभी राहिले. म्हटलं, घरात जे पाहुणे ठेवतात त्यांच्याकडून दर पाहुण्यामागे कर घ्या. पाणी गावाचं, रस्ता गावाचा आणि कमाई एकटीची? तोंडात गाव होतं, डोळ्यांपुढे तीच होती.

ग्रामसेवक शांतपणे म्हणाले, "ताई, असा कर आपल्याला लावता येत नाही. कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कुणाकडून कर घ्यायचा नाही, हे राज्यघटनेतच लिहिलंय. पंचायतीने कुठले कर लावायचे ते विधिमंडळ ठरवतं. पाहुण्यामागे कर त्यात बसत नाही."

माझं तोंड एवढंसं झालं. मग तेच पुढे म्हणाले, "घरपट्टी मात्र वापराप्रमाणे लावता येते. त्या दोन खोल्या धंद्यासाठी असतील तर वेगळी नोंद करून जास्त दराने आकारू. वापर कोण करतं?"

"तीच. दुसरं कोण करणार?"

"वेगळ्या नोंदीला तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कसली? लावा."

ठरावाला सूचक मीच झाले आणि संमतीच्या कागदावरही सही ठोकली. त्या दिवशी घरी येऊन मी बांगड्याचं तिखलं केलं आणि पोटभर जेवले.

काही दिवसांनी तिला नव्या घरपट्टीचं बिल आलं. रडत येईल म्हणून मी पडवीत बसून राहिले. ती आली ती हसत. दोन खोल्यांना वेगळा घर नंबर पडला होता आणि भोगवटादार म्हणून तिचं नाव. कर भरून तिने उतारा घेतला होता, कट्ट्याच्या बाजारात जाऊन झेरॉक्स काढल्या होत्या आणि मीटरचा अर्जही देऊन आली होती. वाढलेल्या घरपट्टीचं तिला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. इतकी वर्षं या घरात मी राबले, रेशनकार्ड सोडलं तर माझं नाव कशावर नाही. आणि हिच्या नावावर दोन खोल्या मीच लावून दिल्या. अंगाची नुसती लाही लाही झाली.

तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"वयनी, मामंजींच्या नावार आणि किती दिवस? तुमच्या वाट्याचोय उतारो तुमच्या नावार करून घेवया. मी सही केलंय."

संमतीचा कागद होता. खाली तिची सही, मी न मागता केलेली.

तिने एखादा टोमणा मारला असता तर मी कडाकडा भांडले असते. मेली चांगुलपणातसुद्धा माझ्या पुढे. तो कागद माझ्या कपाटात आहे. माझ्या नावाचं घर व्हायला तिची सही लागते, एवढ्यासाठी मी तो अजून पंचायतीत दिलेला नाही.