झाडांवरून वाट धरणारा बिरू

दापोडीच्या शिवेवर सडकेला लागून एका गोदामाचं बांधकाम चाललं होतं. तिथं घमेलं घेऊन वर चढताना परांचीची फळी सरकली आणि बिरू खाली आला. खाली वाळू होती म्हणून जीव वाचला. हाडही मोडलं नाही. कानामागं एक टेंगूळ आलं, ते आठवड्यात उतरलं. कामावरचे लोक म्हणाले, देवानं राखलं. बिरूनंही मान हलवली. पण देवानं नेमकं काय राखलं आणि काय काढून घेतलं, हे त्याला कळेना.

बिरू मूळचा माणदेशातला धनगर. दुष्काळात कळपातली निम्मीअधिक मेंढरं बसल्या जागी मेली, तेव्हा उरलेली थोरल्या भावानं, कोंडीरामानं सांभाळायची आणि धाकट्यानं पोटामागं पुण्याकडं जायचं, असं ठरलं. बिरू आणि त्याची बायको तानाबाई दापोडीला रुळांच्या कडेच्या झोपड्यांत येऊन राहिली. तो बांधकामावर जायचा आणि ती कासारवाडीला गवराबाईच्या मळ्यात खुरपायला. गवराबाई म्हणजे तिथली जुनी शेतकरीण. नवरा गेल्यावर नदीकाठचा मळा तिनं एकटीनं कसला होता.

पडल्यानंतर बिरूच्या डोक्यात सगळ्या वस्तूंची नावं जागची हलली. मीठ हवं असलं की तो दोर मागायचा. पाणी म्हणायला जायचा आणि तोंडून भलतंच काही निघायचं. चुकलं हे त्यालाही कळायचं, पण बरोबर शब्द कुठं ठेवलाय ते सापडायचं नाही. झोपड्याही सगळ्या सारख्या दिसायला लागल्या. एकदा तो शेजारच्या घरात शिरून चुलीपाशी जेवायला बसला. ती बाई ओरडली तसं त्यानं आजूबाजूला पाहिलं. घरधनीण बदलली कधी, हेच त्याला उमगेना. तानाबाई धावत आली आणि हाताला धरून त्याला घेऊन गेली. तिचा हात ओळखीचा होता. तिचं नाव मात्र काही केल्या येईना.

तानाबाईनं काय काय केलं नाही? दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बत्ती मारून पाहिली आणि सांगितलं, डोक्याला मार आहे, दिवस जाऊ द्या. देवऋष्याकडं नेलं, त्यानं अंगारा दिला. बांधकामावर मुकादमानं दोनदा ठेवून पाहिलं. बिरू विटा उचलायचा आणि त्या कुणाला द्यायच्या ते विसरून तसाच उभा राहायचा. शेवटी घरी बसवलं. पण घरी तरी कुणाच्या भरवशावर ठेवणार? म्हणून ती त्याला बरोबर मळ्यात न्यायला लागली.

दापोडीहून कासारवाडीपर्यंत सडकेच्या दोन्ही अंगांनी वड, चिंचा, आंबे होते. त्यांची सावली एकमेकांत मिसळलेली. पहिल्या दिवशी तानाबाई पुढं आणि बिरू मागं अशी दोघं चालली होती. एका वाकड्या चिंचेपाशी तो थांबला, तिच्या बुंध्यावर हात ठेवला आणि स्वच्छ म्हणाला, "चिंच."

तानाबाई मागं वळली. तो पुढच्या झाडाकडं बघत होता. "वड," तो म्हणाला. मग पुढचा आंबा. रेल्वेचं फाटक ओलांडून मळ्याच्या वाटेला लागेपर्यंत एकाही झाडाचं नाव चुकलं नाही. नदीच्या काठाला पोचल्यावर पाण्यावर ओणवा झालेला मोठा उंबर होता, त्याचंही नाव त्यानं घेतलं आणि त्याच्याच मुळीवर बसून राहिला.

तानाबाईला हसावं की रडावं कळेना. खुरपं खाली ठेवून ती त्याच्यापुढं बसली. "उंबराचं नाव येतंय तुमास्नी," ती म्हणाली, "आन माजं न्हाई येत?"

 बिरूला लाज वाटली. पण झाडांची नावं त्यानं आठवली नव्हती. ती आपली आपण आली होती. माणसांची का येत नाहीत, हे त्याला तरी कुठं ठाऊक होतं? गवराबाई बांधावरून ऐकत होती. तिनं तानाबाईला सांगितलं, मागं लागू नको, इथं बसवत जा. तेव्हापासून तो तिथंच बसायला लागला.

उंबराखाली त्याच्या डोक्यातला गोंगाट कमी व्हायचा. पवना नदीचं पाणी संथ होतं. उंबरं पाण्यात पडली की मासे वर यायचे, पुन्हा खाली जायचे. खंड्या एकाच फांदीवर येऊन बसायचा. काही दिवसांनी गवराबाईनं त्याच्या हातात खुरपं दिलं आणि वांग्यांच्या वाफ्यात बसवलं. मातीत हात घातला की बिरूला आपले हात आपलेच वाटायचे. दुपारी तो चार घास जास्त जेवायला लागला. बोलण्यात मात्र गोंधळ होता तो होताच. गवराबाईला तो कधी मामी म्हणे, कधी आये, तर कधी कोंडीराम. तीही प्रत्येक हाकेला ओ द्यायची.

हळूहळू तो एकटा येऊ-जाऊ लागला. घरातून निघाला की जोडवड, मग वाकडी चिंच, मग ढोलीचा आंबा, तिथून फाटक. परत जाताना उलटं. घरांवर त्याचा विश्वास नव्हता. झाडांवर होता.

उन्हाळा सरत आला असताना सडक रुंद करायचं काम निघालं. तानाबाई तापानं फणफणली होती, म्हणून दोन दिवस दोघंही घरीच होती; तिसऱ्या दिवशी बिरू एकटाच निघाला. समोर ऊनच ऊन. जोडवड आडवा पडलेला. चिंच नव्हतीच, तिच्या जागी उघडा खड्डा होता. बिरूला वाटलं आपण भलत्या सडकेला लागलो. तो मागं फिरला, तर मागचंही काही ओळखेना. करवत चालवणारे लोक होते, त्यांच्या मुकादमाला त्यानं विचारलं, "हितली चिंच कुठं गेली?"

मुकादम म्हणाला, कुठली चिंच, सगळी लाकडंच आहेत.

"मग मी घरी कसं जायाचं?" बिरूनं विचारलं.

मुकादमानं त्याला नीट न्याहाळलं. कामाच्या घाईत असलेला बरा माणूस होता तो. घर कुठं आहे, असं त्यानं विचारलं. बिरूला सांगता आलं नाही. मुकादमानं हातानं अंदाजानं एक दिशा दाखवली आणि बिरू त्या दिशेनं चालायला लागला. ढोलीचा आंबा येईल, मग फाटक येईल म्हणून तो चालत राहिला. पिंपरी मागं पडली, चिंचवड मागं पडलं. दिवस कलला तेव्हा तो निगडीच्या माळावर एका बाभळीखाली बसला होता. रुळांचं काम आटपून घरी निघालेल्या कामगारांतल्या एकानं त्याला ओळखलं. फाटकापाशी रोज दिसणारा माणूस. त्यानं आणून गवराबाईच्या दारात उभा केला.

 तानाबाई ताप अंगात घेऊनच त्याला शोधत तिथं आली होती. गवराबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. मध्येच तो तिला म्हणाला, "झाडं परत लावा."

दुसऱ्या दिवशी गवराबाईनं गडी आणि गाडी दिली. चिंच, आंबा फांदीनं जगत नाहीत, पण वड जगतो, हे तिला ठाऊक होतं. तोडलेल्या वडांच्या मनगटाएवढ्या फांद्या मुकादमानं हसत उचलू दिल्या. त्या नदीकाठच्या चिखलात बुडखे रोवून उभ्या केल्या आणि पाऊस धरल्यावर लावायला काढल्या. बिरूला त्या सडकेलाच हव्या होत्या, जुन्या ठिकाणी. गवराबाई म्हणाली, "सडक त्यांची, बांध माजा. बांधावर लाव."

बिरूनं लावल्या, पण त्याचं मन घोटाळ्यात पडलं. झाड होतं तिथं नाही आणि नव्हतं तिथं आहे. मग वाट कशी जुळणार? तरी त्यानं प्रत्येक फांदीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. एक दिवस असंच कुंपण बांधताना तो मागं न बघता म्हणाला, "ताने, दोर दे."

दोर आला नाही. त्यानं वळून पाहिलं, तर तानाबाई पदर तोंडाला लावून रडत होती. आपलं काय चुकलं, बिरूला समजेना. दोरच मागायचा होता ना, की पुन्हा भलतं काही मागितलं? तो स्वतःच उठला आणि दोर घेऊन आला.

पावसाळा संपेपर्यंत फांद्यांना तांबूस कोंब फुटले. काही सुकल्या, पण बऱ्याच जगल्या. पाऊस गेल्यावर नदीचं पाणी घागरीनं आणून घालणं हे बिरूचं काम झालं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी फाटकाकडून घंटांचा आवाज आला. मेंढरं होती. बिरूच्या तोंडून आपोआप हाळी निघाली, लहानपणी शिकलेली, जीभ टाळूला लावून काढायची. आख्खा कळप त्याच्याकडं वळला. त्याचा ऊर भरून आला आणि दुसऱ्याच क्षणी त्याला दिसलं, की पुढच्या मेंढ्या काट्यांत तोंड घालून कोंब ओरबाडताहेत. तो काठी घेऊन धावला. कळपाचा मालक लांब दांड्याच्या आकडीनं एक कोवळी फांदी खाली ओढत होता. बिरूनं त्याची आकडी धरली.

"बिरू," तो माणूस म्हणाला, "मला वळखलं न्हाईस?"

बिरूनं खरं म्हणजे ओळखलं नव्हतं. पण आवाज आतवर कुठंतरी जाऊन लागला. "वळखलं," तो म्हणाला. "पर ह्या फांदीला हात लावू नगंस."

कोंडीराम होता तो. भाऊ पडल्याची खबर त्याला गावाकडं लागली होती, म्हणून कळप या वाटेनं वळवून आणला होता. तो काठी टेकून खाली बसला. "आपुन पाल्यावर जगनारी मानसं," तो म्हणाला. "तू पाल्याचा राखनदार कवा झालास?"

 आयुष्यभर बिरूनंही अशीच झाडं खच्ची केली होती. मेंढरं उपाशी आणि पाला वर, अशा वेळी दुसरं करणार तरी काय? आणि आता तो काट्यांच्या आत उभा होता. त्याला दोन्ही बाजू आपल्याच वाटत होत्या.

गवराबाईनं कळप आपल्या पडीक रानात बसवून घेतला, रानाला खत मिळालं. निघताना कोंडीराम म्हणाला, चल बरोबर, मेंढरांत तुझं डोकं ठिकाणावर येईल. तानाबाईनं अडवलं नाही. जाऊन बघा, म्हणाली. बिरू घोंगडी खांद्यावर टाकून निघाला. मेंढरांच्या वासानं त्याला बरं वाटत होतं. निगडीच्या माळावर कळप पांगला तेव्हा उन्हं चढली होती. बिरू एकाएकी थांबला.

"आज पानी घातलं न्हाई," तो म्हणाला.

"कशाला?" कोंडीरामानं विचारलं.

बिरू सांगत बसला नाही. तो वळला आणि उघड्या सडकेनं चालायला लागला. जोडवड नाही, चिंच नाही, आंबा नाही. वाट चुकेल म्हणून भीती वाटत होती, तरी पाय थांबले नाहीत. दुपार टळायच्या आत तो मळ्यात पोचला आणि घागर घेऊन नदीवर उतरला. तानाबाईनं विचारलं, वाट कशी सापडली? त्यानं आठवून पाहिलं. कुठं वळलो, कुठं फाटक ओलांडलं, काहीच डोळ्यापुढं येईना.

"ठावं न्हाई," तो म्हणाला. "आलो."

पुढं बिरू गवराबाईच्याच मळ्यात राहिला. शब्द त्याचे शेवटपर्यंत अधूनमधून चुकत, पण घर चुकलं नाही. डॉक्टर म्हणाले, दिवसांनी गुण आला. देवऋषी म्हणाला, अंगाऱ्यानं आला. गवराबाईला ते मातीचं काम वाटायचं. बिरूला कुणी विचारलं तर तो गोंधळायचा आणि हातातलं काम पुढं करत राहायचा. दरवर्षी कोंडीरामाचा कळप आला की तो आपल्या हातानं लांबच्या बाभळींचा पाला पाडून मेंढरांपुढं टाकी, आणि ती खात असताना काठी आडवी धरून बांधाच्या बाजूला उभा राही.