खंडेनवमीला पुजलेलं रिव्हॉल्व्हर

१९८७ सालची खंडेनवमी. केळव्याच्या घरी ओसरीवर बसून मी पूजेसाठी कोयत्या राखेने घासत होते. प्रत्येक पात्यावर मला धाकट्या दिराचा चेहरा दिसत होता, त्यामुळे त्या दरवर्षीपेक्षा लख्ख निघाल्या.

माझ्याकडे नकली बंदुकांचा संग्रह होता. तारापूरच्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासायला होते; एकात एक नेमके बसणारे भाग बघायची आवड तिथलीच. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणि बोटीवर काम करणाऱ्या मामेभावाकडून एकेक नग मिळवला होता. सगळे ओतीव धातूचे, खऱ्याइतके जड, पण नळी आतून भरीव. त्यांतलं रिव्हॉल्व्हर माझं सगळ्यात आवडतं. चाप ओढला की गोळ्यांचं चक्र एक घर पुढे सरकायचं.

पावसाळ्याआधी दिराने यातलं काळं पिस्तूल मला न विचारता बोईसरच्या एका कंत्राटदाराला भेट दिलं. त्याला तिथे सुपरवायझर व्हायचं होतं. मी जाब विचारला तर म्हणाला, "वहिनी, खेळणंच तर होतं. तुमचं आता खेळायचं वय आहे का?" नवऱ्याने वर्तमानपत्र आणखी वर धरलं. मी ते विसरले नाही.

त्या सकाळी चहा पिता पिता दीर सहज म्हणाला, "साहेबांच्या शेडवर आज पूजा आहे. ते रिव्हॉल्व्हरपण नेतो. त्यांना जोडी हवीय."

"न्या की, भावजी. आधी आंघोळ तरी करून घ्या."

तो न्हाणीघरात गेला आणि मी कपाट उघडलं. पाटावर कोयत्या, पहार, विळी मांडली होती, त्यांच्या शेजारी माझं रिव्हॉल्व्हर ठेवलं. खुंटीवरची त्याच्या स्कूटरची चावीही ठेवली, कारण तो कंत्राटदाराकडे माझ्याआधी पोचायला नको होता. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि आरतीला सासूबाईंना हाक मारली. आमच्या घरी पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत जागचं हलत नाही. भाजीसुद्धा आदल्या रात्रीच चिरून ठेवतात.

दीर डोकं पुसत बाहेर आला. "हे काय? माझी चावी?"

"गाडी म्हणजे अवजारच ना," मी म्हटलं.

त्याने पाटाकडे हात नेला. सासूबाईंनी त्यावर चापट मारली. "पुजलेलं उचलायचं नाय! इतक्या वर्सांत तुला कललं नाय?"

"आई, खेळण्यातली बंदूक आहे ती!"

"मंग सायबाला खेलनं द्यायला चाललास व्हय?"

मी पदर तोंडाला लावला. "एसटीने जा हवं तर," मी सुचवलं.

"रिकाम्या हाताने?" तो ओरडला आणि झोपाळ्यावर जाऊन बसला. दिवसभर तिथेच बसला. दुपारी त्याच्या पानात मी पुऱ्या वाढल्या, आग्रह करकरून वाढल्या. त्याने एकही संपवली नाही. मी मात्र पोटभर जेवले.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाईंनी अक्षता टाकून पूजा उचलली. रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवून मी कुलूप लावलं. दीर अजून झोपला होता. आपट्याची पानं पिशवीत टाकून पहिली एसटी धरली, पालघरला गाडी बदलली आणि बोईसरला कंत्राटदाराचं दार वाजवलं. त्याच्या बायकोच्या हातात सोनं दिलं आणि त्याला म्हटलं, "दिराने माझं पिस्तूल मला न विचारता तुम्हाला दिलं. ते न्यायला आलेय."

"पण तो तर म्हणाला, संग्रह त्याचाच आहे."

"उद्या तुमच्या शेडवरच्या मालाबद्दलही असंच म्हणेल."

कंत्राटदाराने बायकोकडे बघितलं आणि शोकेसमधून पिस्तूल काढून दिलं. तिथेच उभी राहून मी चाप ओढून बघितला. स्प्रिंग ठीक होती. चहा नको म्हणाले आणि निघाले.